अरुंधतीचा सोबती, आणि ‘जोडी’ या शब्दाचा घोळ

वसिष्ठ-अरुंधती कुठे बघायचे हे सांगत बसत नाही, लग्नात सगळ्यांनीच मान वर करून बघितलेत. आणि दर लग्नसराईत तो फॉरवर्डही येतोच, की हे दोघं एकमेकांभोवती समान गतीने फिरतात आणि ऋषींना ते आधीच ठाऊक होतं म्हणून ही प्रथा पडली. प्रथा मला मनापासून आवडते. पण त्या फिरण्याबद्दल जे ठासून सांगितलं जातं ते आजही कोणी मोजलेलं नाही, आणि या ताऱ्यांची खरी हकिगत त्याहून खूप रंजक आहे.

जुना भाग थोडक्यात. १६१७ च्या जानेवारीत इटलीत एका शिष्याच्या सांगण्यावरून गुरूने दुर्बीण वसिष्ठाकडे वळवली तर तो एकाचे दोन दिसला, मधे साधारण १५ आर्कसेकंदांची फट (एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग). मग पुस्तकांनी कितीतरी वर्षं याचं श्रेय १६५० च्या दुसऱ्याच माणसाला दिलं ते दिलंच. १८५७ मध्ये या जोडीचा फोटो निघाला, १८८९ मध्ये मोठ्या घटकाच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यातल्या, रेषा दुभंगताना दिसल्या म्हणजे तोही जोडतारा, आणि १९०८ मध्ये धाकट्या घटकाचंही तेच निघालं. म्हणजे एकट्या वसिष्ठाचे चार तारे झाले. अरुंधती मात्र एकटीच राहिली.

ती एकटी नाही याची एक खूण आधीच मिळालेली होती. नव्वदच्या दशकात एका उपग्रहाला तिच्या दिशेने क्ष-किरण येताना दिसले. आता अरुंधतीसारख्या पांढऱ्या तप्त ताऱ्याने क्ष-किरण सोडायचं काही कारण नाही, त्यासाठी पृष्ठभागाखाली उकळी फुटत असावी लागते आणि ती सूर्यासारख्या किंवा त्याहून लहान ताऱ्यांत असते. मग सोडतंय कोण? उत्तर २००९ मध्ये दोन गटांकडून जवळपास एकदमच आलं. एक गट अॅरिझोनातल्या ६.५ मीटरच्या दुर्बिणीवर ग्रह शोधत होता, दुसरा कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीवर कोरोनाग्राफ लावून बसला होता, म्हणजे आत बारीक चकती टाकून मुख्य ताऱ्याचा झगमगाट झाकायचा आणि कडेला काय उरतं ते बघायचं. कडेला एक फिकट ठिपका उरला, अरुंधतीपासून जेमतेम १.१ आर्कसेकंदावर. दहा रुपयांचं नाणं पाच किलोमीटरवरून जेवढं दिसेल ना, तेवढं हे अंतर!

पण ठिपका दिसला म्हणजे सोबती सापडला असं नाही. मागचा एखादा दूरचा तारा योगायोगाने त्याच रेषेत असू शकतो. नेहमीचा मार्ग म्हणजे काही वर्षं थांबायचं आणि दोघं बरोबर सरकतात का बघायचं. पालोमारवाल्यांनी १०३ दिवसांनीच परत बघितलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून जवळचा तारा वर्षभरात आकाशात इवलासा डुलतो, ठिपका दूरचा असता तर जागच्या जागी राहिला असता, तो अरुंधतीबरोबर तेवढाच डुलला. १६१७ मध्ये वसिष्ठाकडे बघताना त्या गुरूच्या डोक्यात हीच युक्ती होती, फक्त त्याचा अंदाज उलटा होता, फिकट तारा लांबचा असणार आणि फट बदलत जाणार असं त्याला वाटत होतं. ती बदलली नाही, कारण ते दोघं खरोखरच शेजारी होते. चारशे वर्षांनी तीच युक्ती शेजारच्याच ताऱ्यावर लागू पडली, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. सोबती निघाला लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान, थंड आणि मंद तारा, वस्तुमान सूर्याच्या साधारण पाव पट.

आता घोळाचा भाग. ‘जोडी’ कशाला म्हणायचं? रेषेत आले म्हणून जवळ दिसतात ती एक जोडी, एका दिशेने चाललेत ती दुसरी, आणि गुरुत्वाकर्षणाने बांधलेत ती तिसरी. मराठीत तिन्हींना सर्रास जोडतारा म्हटलं जातं, आणि फॉरवर्डवाल्यांचं फावतं ते इथेच. वसिष्ठ आणि अरुंधती एका दिशेने जातात हे नक्की. पण क्रतू आणि मरीची सोडले तर सप्तर्षींतले पाचही तारे एकाच दिशेने निघालेत, १८६९ पासून हे माहीत आहे, म्हणजे बरोबर चालणं हा बांधलेलं असण्याचा पुरावा होत नाही. त्यासाठी वेगातला फरक अगदी बारीक मोजावा लागतो, आणि अरुंधती स्वतःभोवती इतकी गरगर फिरते की ज्यांवरून वेग मोजतात त्या तिच्या वर्णपटातल्या रेषाच पसरट होतात, त्यात हा नवा सोबती तिला थोडा इकडेतिकडे ओढणार. २००९ च्या एका गटाचं मत बांधलेत असं पडलं. मला ते पटण्यासारखं वाटतं पण मी पैज लावणार नाही.

आणि बांधलेले धरले तरी हिशोब करून बघा. आकाशात दिसतं तेवढंच अंतर धरलं तरी ते पृथ्वी-सूर्य अंतराच्या सतरा हजार पटींच्या आसपास जातं, सगळ्यांचं मिळून वस्तुमान सूर्याच्या आठेक पट, म्हणजे एका फेरीला लाखो वर्षं. कोणत्याही पिढीला ती फेरी डोळ्यांनी दिसणं शक्यच नाही.

या शोधांची पुढची पायरी लाल बटूंच्याही खालची, तपकिरी बटूंची, म्हणजे तारा व्हायला वस्तुमान कमी पडलेल्या पिंडांची. ग्लीज २२९ या लाल बटूचा असा सोबती १९९५ मध्ये जाहीर झाला, आणि त्याचं वस्तुमान आणि त्याचा मंद उजेड यांचा मेळ बसेना म्हणून लोक बराच काळ डोकं खाजवत होते. २०२४ मध्ये कळलं की तोही एक नाही, गुरू ग्रहाच्या ३८ पट आणि ३४ पट वस्तुमानाची अशी दोन पिंडं बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरतायत.