गीझर (पुण्यातील घरगुती वापर)

गीझर : नळाचे गार पाणी आंघोळीपुरते तापवून देणारे घरगुती साधन. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. पाषाणसारख्या भागांत आणखी खाली. पण ऐन मे महिन्यातही सकाळी कोमट पाण्याशिवाय अंगावर तांब्या न घेणारी घरे इथे पुष्कळ आहेत.

पूर्वी हे काम बंबाकडे होते. तांब्याचे उभे पिंप, मधून वर जाणारे धुराचे नळकांडे, खाली विस्तवाची जाळी. कसबा पेठेतील तांबट आळीत असे बंब घडवले जात. अनेक बंबांत गार पाणी ओतायची नळी तळापर्यंत गेलेली असे, त्यामुळे वरून जेवढे ओतावे तेवढेच गरम पाणी तोटीतून बाहेर पडे. आजचा साठवणीचा गीझर नेमका याच तत्त्वावर चालतो : गार पाणी तळाशी शिरते आणि वरचे गरम पाणी पुढे ढकलते. म्हणून नळ बंद असताना गीझर भरलेलाच राहतो.

निवडताना लोक आधी लिटर विचारतात. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. २ किलोवॅटच्या कॉइलला साधारण वीस मिनिटे. त्यात गार पाणी मिसळले की दीड-दोन बादल्या होतात. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर (फारसे पाणी न साठवता ते वाहतानाच तापवणारा) थंडीत मिनिटाला जेमतेम दोन लिटर आंघोळीजोगे पाणी देतो, म्हणजे बादली भरेपर्यंत आठ-नऊ मिनिटे थांबणे आले. स्वयंपाकघरातील सिंकला तो उत्तम, चार माणसांच्या सकाळच्या घाईला नाही. ४.५ किलोवॅटचा घेतल्यास प्रवाह जवळपास २० अँपिअरवर जातो. १६ अँपिअरच्या पिनेवर तो चालवू नये, स्वतंत्र वायर व एमसीबी (जादा प्रवाह होताच वीज तोडणारी कळ) हवा.

लिटरपेक्षा महत्त्वाचा प्रश्न मात्र पाण्याचा आहे, आणि दुकानात तो क्वचितच विचारला जातो. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणांत सह्याद्रीतले पावसाचे पाणी येते. ते मऊ असते. पेठांत किंवा कोथरूडला केवळ या पाण्यावर चालणारा गीझर वर्षानुवर्षे कुरकुर करत नाही. वाघोली, उंड्री, हिंजवडी अशा वाढत्या उपनगरांतील अनेक सोसायट्या बोअर किंवा टँकरवर असतात. काळ्या पाषाणाच्या भेगांतून उपसलेल्या या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पाणी तापले की ते कॉइलवर पांढरा थर धरतात. थराआड उष्णता कोंडते, पाणी तापायला वेळ लागतो, आतून तडतड आवाज येतो आणि शेवटी कॉइल जळते. अशा ठिकाणी काचेचा आतला लेप असलेली टाकी घ्यावी आणि थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नेऊ नये. पाणी जितके जास्त तापेल तितके क्षार लवकर बसतात.

टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते, हेच तिचे काम. बोअरच्या पाण्यावर ती दरवर्षी उघडून पाहावी, झिजली असल्यास बदलावी. त्याच वेळी तळाचा गाळ व कॉइलवरचे क्षार काढून घ्यावेत. कांडीचा खर्च किरकोळ असूनही बहुतेक घरांत तिची आठवण टाकी गळू लागल्यावरच होते. जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून अधूनमधून थेंब पडतात. ते थांबवायला तोंडाला बूच मारणारे प्लंबर भेटतात. हे सरळसरळ धोक्याचे आहे. उंच इमारतीत गच्चीवरच्या टाकीपासून खाली दर १० मीटरला सुमारे १ बार दाब वाढतो, तेव्हा ८ बारपर्यंत टिकणारे मॉडेल घेणे बरे. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ) यांत काटकसर नको.

गॅस गीझर स्वस्तात भरपूर पाणी देतो, पण जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नसतो; बंद न्हाणीघरात माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध पडतो. त्यामुळे हा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. सिलिंडरचा गीझर पाइपगॅसवर तसाच जोडता येत नाही. दोन्हींचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्रे, वेगळे असतात.

सौरबंबाला पुण्याचे हवामान वर्षातील बराच काळ अनुकूल आहे. तीन-चार माणसांना दिवसाला १०० लिटरचे संयंत्र पुरते; ढगाळ जुलै-ऑगस्टसाठी विजेची कॉइल जोडलेली असावी. तो चालू असल्यास पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत पाइप लांब असला, तर गरम पाणी यायच्या आधी बादलीभर गार पाणी वाहून जाते. ते साठवून ठेवण्याची शिस्त सोसायटीने लावलेली बरी. बोअरच्या पाण्यातील क्षारांनी सौरबंबाच्या, उन्हात पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्याही तुंबतात. तिथे हीट एक्स्चेंजर (वापराचे पाणी उन्हात तापणाऱ्या पाण्यापासून वेगळे ठेवून उष्णता देणारी रचना) असलेले संयंत्र घ्यावे.

कॉइल, थर्मोस्टॅट किंवा गॅस्केट गेले तर दुरुस्ती परवडते. टाकीच गळू लागली की तिला डाग देत बसू नये, गीझर बदलावा. पाण्याला तांबूस रंग येऊ लागणे ही अनेकदा त्याची पूर्वसूचना असते, मात्र आधी गार पाण्याचा नळ सोडून पाहावा : तेही तांबूस असेल तर दोष जुन्या लोखंडी पाइपांचा. नवा गीझर भिंतीवर चढवताना आधीच्या खुंट्यांवर विसंबू नये. २५ लिटरचा गीझर भरल्यावर एकट्या पाण्याचेच वजन २५ किलो होते, आणि अर्ध्या विटेच्या भिंतीत साधे प्लग ते पेलत नाहीत.