विद्यापीठाची फोर्टमधली इमारत आणि टॉवरचे नाव

1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला पहिली सतरा वर्षे स्वतःची वास्तू नव्हती, आणि त्यावाचून फारसे अडतही नव्हते. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या वाटायच्या. एवढ्यासाठी टाउन हॉल पुरे होता. म्हणूनच ओव्हल मैदानाच्या कडेला पुढे जे उभे राहिले ते वर्ग नव्हेत. 1874 मध्ये पदवीदान सभागृह झाले, 1878 मध्ये ग्रंथालयाचा टॉवर पूर्ण झाला. आराखडे लंडनहून आले. ते काढणाऱ्याने मुंबई कधी पाहिली नाही. तरी सभागृहाचे उघडे गोल जिने आणि बारा राशींच्या रंगीत काचांची चक्राकार खिडकी पाहिली की तक्रार करवत नाही. समोर तेव्हा मैदानापलीकडे थेट समुद्र होता.

गोंधळ आहे तो नावाचा. कापसाच्या तेजीत गबर झालेल्या एका दलालाने 1864 मध्ये आधी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, मग टॉवरसाठी आणखी दोन लाख. टॉवरला आपल्या आईचे नाव द्यावे, एवढीच त्याची इच्छा. पुढच्याच वर्षी तेजी कोसळली, दाताही बुडाला, नाव राहिले. आता सगळी इमारतच ‘राजाबाई टॉवर’ म्हणून ओळखली जाते. पहिली देणगी पुस्तकांसाठी होती, हे वाचनालयात बसणाऱ्यांनाही सांगावे लागते. अंध आईला जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवता यावे म्हणून घड्याळाचे टोले, ही कथा तर गाइड हमखास ऐकवतात. दात्याचा बंगला भायखळ्याला. तिथवर टोले पोहोचत असतील? मला शंका आहे. कथा गोड आहे, म्हणून टिकली.

विद्यापीठ स्वतः शिकवू लागले ते बऱ्याच उशिरा. समाजशास्त्राचा विभाग 1919 चा. पुढे विभाग वाढले, जागा अपुरी पडली आणि बहुतेक सारे कालिन्याला गेले. फोर्टकडे मुख्यत्वे मान उरला. शतकभराच्या खाऱ्या हवेने आणि धुराने काळवंडलेल्या दगडाकडे लक्ष जायला एकविसावे शतक उजाडावे लागले. सभागृह आधी दुरुस्त झाले. टॉवरची पाळी नंतर आली. एका खासगी कंपनीच्या पैशातून ते काम 2015 मध्ये पुरे झाले. 2018 मध्ये ओव्हलभोवतालच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत हीसुद्धा आहे. टॉवरवर चढायला मात्र सर्वसामान्यांना अनेक वर्षांपासून बंदी आहे.