बॅरिटोन गिटार

नेहमीच्या गिटारपेक्षा लांब तारांची, जाड तारा चढवलेली आणि साधारण मध्यमाच्या किंवा पंचमाच्या अंतराने खाली लावलेली सहा तारांची गिटार. आवाजाच्या पट्टीत ती नेहमीची गिटार आणि बेस गिटार यांच्यामध्ये बसते. लगतच्या तारांमधली स्वरांतरे नेहमीच्या गिटारचीच राहतात, म्हणून सवयीच्या सगळ्या कॉर्डच्या (एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या) आकृत्या जशाच्या तशा चालतात. फक्त, मध्यमाने खाली लावली असेल तर, हात जी-च्या कॉर्डचा पडतो आणि ऐकू डी येतो.

सर्वांत रूढ लावणी बी-पासून बी-पर्यंतची, म्हणजे बी, ई, ए, डी, एफ शार्प, बी. पेटीच्या भाषेत सांगायचे तर सहावी तार पांढरी तीनवरून खालच्या पांढरी सातवर उतरते. त्याखालोखाल ए-पासूनची (ए, डी, जी, सी, ई, ए) लावणी आढळते. सी-पासूनची त्या मानाने कमी, आणि ती बहुधा आखूड बॅरिटोनवर.

नाव व उगम : या नावाचा बॅरिटन या जुन्या गजवाद्याशी संबंध नाही. अठराव्या शतकात हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराने निकोलाउस एस्टरहाझी या राजपुत्रासाठी ज्या वाद्याच्या शंभराहून अधिक त्रिकूट-रचना केल्या, ते वाद्य तरफांच्या तारा असलेले, व्हायोलच्या कुळातले. गिटारच्या नावातला ‘बॅरिटोन’ हा शब्द पुरुषांच्या मधल्या आवाजावरून आला आहे.

खाली लावलेल्या गिटारची कल्पना विजेच्या गिटारहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी म्यूनिकमध्ये हाइनरिश आल्बेर्ट यांच्या गिटार चौकडीत वरच्या पट्टीच्या टेर्झ गिटारींसोबत पंचमाने खाली लावलेली क्विंटबास गिटार वाजवली जाई. आजच्या ए लावणीचे स्वर हेच. मात्र त्या वाद्यापासून आजच्या बॅरिटोनपर्यंत सरळ वंशावळ जोडणे घाईचे ठरेल. दोन्हीकडे गरज एकच होती आणि तिचे उत्तर दोनदा स्वतंत्रपणे सापडले, असे मानणे अधिक सुरक्षित वाटते.

खरा वाद अमेरिकेतल्या विजेच्या गिटारबद्दल आहे. न्यू जर्सीत नेथन डॅनियल यांनी स्थापन केलेल्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने १९५६ मध्ये सहा तारांचे एक लांब वाद्य बाजारात आणले आणि बहुतेक लेखक बॅरिटोन गिटारचा इतिहास तिथून सुरू करतात. पण ते वाद्य गिटारच्या बरोबर एक सप्तक खाली, ई-पासून ई-पर्यंत लावलेले होते आणि ‘सहा तारांचा बेस’ म्हणून विकले जात होते. १९६१ साली आलेला फेंडरचा ‘बेस सिक्स’ (तारेची लांबी ३० इंच) याच जातीचा. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत अशा वाद्याला वेगळेच काम मिळाले. उभ्या बेसचे स्वर त्याच जागी या वाद्यावर, तळहाताने तार दाबून आणि नखीने टोचून वाजवायचे. त्या टोकदार आवाजावरून ‘टिक-टॅक बेस’ हे नाव पडले. कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन यांच्या ध्वनिमुद्रणांतली हॅरल्ड ब्रॅडली यांची साथ हे त्याचे ठळक उदाहरण. १९६८ च्या ‘विचिटा लाइनमन’ या गाण्यातला ग्लेन कॅम्पबेल यांचा मधला तुकडाही पुष्कळदा बॅरिटोन गिटारच्या खाती टाकला जातो. प्रत्यक्षात तो बेसवादक कॅरल के यांच्याकडून घेतलेल्या डॅनइलेक्ट्रो सहा-तारी बेसवर वाजवलेला आहे.

मग याला बॅरिटोन म्हणायचे की बेस? एक मत असे की लाकूड, बांधणी आणि वाजवण्याची रीत एकच, तेव्हा नावही एकच असावे. दुसरे मत लावणी पाहते. एक सप्तक खाली असेल तर बेस आणि चौथ्या-पाचव्या स्वराइतके खाली असेल तर बॅरिटोन. हे दुसरे मत अधिक टिकाऊ आहे, कारण तारांची जाडी, ताण आणि साथीतली जागा या तिन्ही गोष्टी लावणीवरून ठरतात, खोक्याच्या आकारावरून नव्हे. उत्पादकांनी मात्र गोंधळ वाढवला. फेंडरने २००० नंतरच्या दशकात जॅग्वार मालिकेत ‘बॅरिटोन’ नावाने काढलेले २८.५ इंची वाद्य एक सप्तक खालीच लावलेले होते. पुढे त्याचे नाव बदलून ‘बेस सिक्स’ केले गेले. त्यामुळे विकत घेताना पाटीवरचे नाव न वाचता तारांचे स्वर विचारावेत.

लांबी आणि निवड : नटपासून (दांड्याच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंतची तारेची मोकळी लांबी, म्हणजे गिटारवाल्यांची ‘स्केल लेंग्थ’, हा निवडीचा पहिला निकष. नेहमीच्या गिटारवर ती २५.५ इंच किंवा त्याहून थोडी कमी असते, बॅरिटोनवर साधारण २७ ते ३०.५ इंच. तोच ताण, त्याच तारा ठेवून गिटार मध्यमाने खाली न्यायची तर लांबी ३४ इंच करावी लागेल, आणि ती तर बेस गिटारची प्रचलित लांबी आहे. एवढ्या लांबीवर गिटारचे कॉर्ड धरणे बहुतेक हातांना जमणार नाही. म्हणजे बॅरिटोन मुळातच तडजोडीचे वाद्य आहे : थोडी लांबी वाढवायची आणि उरलेली भर तारांच्या जाडीने काढायची. व्हायोलाने व्हायोलिनच्या बाबतीत हीच तडजोड केलेली आहे.

हाताला ही वाढ कितपत जाणवते, हे मोजून पाहता येते. २५.५ इंची गिटारवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे (फ्रेट म्हणजे दांड्यावरची आडवी धातूची पट्टी) अंतर सुमारे १३.४ सेंमी, तर ३० इंची बॅरिटोनवर सुमारे १५.७ सेंमी. हा सव्वादोन सेंटिमीटरहून जास्तीचा ताण करंगळीला पहिल्या पाच मिनिटांतच कळतो. म्हणून सी किंवा बी लावायची असेल आणि भरभर कॉर्ड बदलायचे असतील, तर २७ ते २८ इंच पुरे. फेंडर जॅग्वार मालिकेतली नंतरची बॅरिटोन २७ इंची आहे, तर पॉल रीड स्मिथच्या ‘एसई २७७’ या नावातच २७.७ ही लांबी दडलेली आहे. ए लावायची असेल, किंवा सुटे सुटे स्वर आणि खर्जाची घुमक हवी असेल, तर २९.७५ ते ३० इंचांकडे जावे. ग्रेचची जेट बॅरिटोन २९.७५ इंची आहे. सात तारांच्या गिटारलाही खाली बी मिळतो, पण तिथे वरची ई तशीच राहते आणि सगळी आकृती एका तारेने सरकते. बॅरिटोनवर जुनी बोटे तशीच ठेवता येतात, हा तिचा खरा फायदा.

तारा : ताण हा लांबीच्या वर्गाच्या, कंपनसंख्येच्या वर्गाच्या आणि तारेच्या दर इंचाच्या वजनाच्या प्रमाणात असतो. नेहमीच्या गिटारवर दुकानात ‘दहाचा सेट’ म्हणतात तो (०.०१० ते ०.०४६ इंच) तसाच ठेवून गिटार बी-वर उतरवली, तर ताण मूळच्या ५६ टक्के उरतो. तारा लोंबतात, फ्रेटला खडखडतात, आणि जोरात छेडले की स्वर वर जाऊन परत येतो. तोच सेट २७ इंची बॅरिटोनवर ६३ टक्के आणि ३० इंचीवर ७८ टक्के ताण देतो. २७ इंचांवर पूर्ववत ताण हवा असेल तर जाडी सुमारे सव्वापट लागते : दहाच्या जागी तेरा, सेहेचाळीसच्या जागी अठ्ठावन्न. त्याच वाद्यावर ए लावायची तर सहावी तार पासष्टच्या घरात जाते. बॅरिटोन म्हणून विकले जाणारे तेरा-बासष्ट किंवा चौदा-अडुसष्टचे सेट या हिशेबाच्या आसपासच आहेत, किंचित ताठ बाजूला. अकूस्टिकचे सेट याहूनही जाड असतात.

तिसरी तार वेगळा विचार मागते. सतराची साधी तार सव्वापट केली तर एकवीस-बावीसची साधी, बिनगुंडाळीची पोलादी तार होते. ती कडक असते, तिचे उपस्वर वर सरकतात आणि घोडी मागे घेऊनही बाराव्या फ्रेटवर ती नीट बोलत नाही. म्हणून बॅरिटोनच्या सेटमध्ये तिसरी तार सहसा गुंडाळीची देतात. त्याची किंमत म्हणजे ती ओढून वाकवणे जड जाते.

तारा बदलताना एकेक बदलावी. सगळ्या एकदम उतरवल्या की दांड्यावरचा ताण पूर्ण जाऊन वाकण पुन्हा जुळवावे लागते. नेहमीच्या गिटारसाठी कोरलेल्या नटच्या खाचेत अडुसष्टची तार बसत नाही, ती खाचेच्या कडांवर उभी राहते. खुंटी फिरवत असताना काहीच होत नाही, मग एकदम ‘टक्’ असा आवाज येऊन स्वर पाव स्वराने उडी मारतो. असे झाले की समजावे, तार खाचेत अडकते आहे. खाच तारेच्या मापाच्या कानशीने रुंद करावी. तात्पुरता उपाय म्हणजे खाचेत पेन्सिलीचे शिसे घासणे. जाड तार जास्तीची कापण्याआधी खुंटीजवळ काटकोनात दुमडावी, नाहीतर काही तारांची गुंडाळी गाभ्यावरून सुटते आणि तार नवी असूनही बद्द बोलते.

सूर लावणे : बी लावणीत खालून वर कंपनसंख्या अशा : ६१.७, ८२.४, ११०, १४६.८, १८५ आणि २४६.९ हर्ट्झ. पाचवी, चौथी आणि तिसरी तार म्हणजे नेहमीच्या गिटारच्या सहाव्या, पाचव्या आणि चौथ्या तारांचेच स्वर, त्यामुळे शेजारी गिटार असेल तर तिथून सुरुवात करणे सोपे. सहाव्या तारेवर क्लिपचा ट्यूनर गोंधळतो, कारण मूळ स्वरापेक्षा त्याचा दुपटीचा उपस्वर जोरकस असतो. बाराव्या फ्रेटवर बोट हलकेच टेकवून हार्मोनिक (तारेचा वरचा उपस्वर) काढला की काटा स्थिर होतो. तार हळू छेडावी आणि पहिला क्षण जाऊ द्यावा : जाड सैल तार छेडल्याबरोबर चढी बोलते आणि मग खऱ्या स्वरावर उतरते. तंबोऱ्याची खर्जाची तार लावताना कान जो धीर धरतो, तोच इथे हवा.

पट्टीचे गणित गायकाच्या साथीला उपयोगी पडते. बी लावणीत सी-ची आकृती जी देते, ई-ची बी देते. पांढरी दोनमध्ये गाणाऱ्याला जी-ची मोकळी आकृती धरून साथ करता येते, कॅपो (सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) न लावता. मात्र खालच्या तीन तारांवर गंधार जवळ जवळ ठेवले की कॉर्ड गढूळ होतो. तिथे षड्ज आणि पंचम पुरेत, गंधार वरच्या तारांवर न्यावा.

लावणीचा एक वेगळा प्रकार जाझ गिटारवादक पॅट मेथेनी यांच्यामुळे परिचित झाला. कॅनडातील वाद्यकार लिंडा मँझर यांनी बनवलेल्या अकूस्टिक बॅरिटोनवर ते ए लावणी ठेवतात, पण तिसरी आणि चौथी तार बारीक घेऊन एक सप्तक वर चढवतात. मग तिसरी तार पहिलीपेक्षाही उंच बोलते आणि खर्ज व तार सप्तक एकाच हातात येतात. २००३ चा त्यांचा एकल गिटारचा संग्रह याच वाद्यावरचा आहे. टेलर कंपनीच्या आठ तारांच्या बॅरिटोनमध्ये याच दोन तारांना सप्तकाच्या जोडतारा दिलेल्या आहेत. तिथे खालचा स्वरही राहतो आणि वरचाही.

नायलॉन तारांच्या बॅरिटोन गिटारी बनतात, पण तयार सेट मोजकेच मिळतात आणि वादक बहुधा सुट्या तारा जमवून काम भागवतात.