टॅनर (जुनं ब्रिटिश नाणं)

टॅनर म्हणजे इंग्लंडमधलं सहा पेनीचं नाणं. सरकारी नाव सिक्सपेन्स, पण बाजारात, पबमध्ये, गोदीवर सगळे टॅनरच म्हणायचे, जसं आपल्याकडे दोन आण्याला चवली आणि चार आण्याला पावली म्हणायचे तसंच. आता नाणंही गेलं आणि शब्दही जवळपास गेलाच, म्हाताऱ्या लोकांच्या तोंडी आला तर येतो.

जुना हिशोब असा की १२ पेनीचा एक शिलिंग आणि २० शिलिंगचा एक पाउंड, म्हणजे टॅनर हा अर्धा शिलिंग आणि ४० टॅनरचा एक पाउंड. शिलिंगला बोलताना बॉब म्हणायचे. १९२७ पासून रुपयाचा सरकारी भाव १ शिलिंग ६ पेन्स ठरवला होता, त्यामुळे त्या काळात तीन टॅनर म्हणजे एक रुपया, आणि एक टॅनर म्हणजे ५ आणे ४ पै, म्हणजे दिसायला चिल्लर असली तरी अगदी फालतू रक्कम नव्हती.

नाणं जुनं आहे, सहाव्या एडवर्डच्या काळात १५५१ ला पहिल्यांदा पाडलं, पण टॅनर हे नाव १९व्या शतकाच्या आसपासचं. ते आलं कुठून यावर बऱ्याच कथा आहेत. एक म्हणजे १८व्या शतकात टांकसाळीत जॉन सिगिस्मंड टॅनर नावाचा खोदकाम करणारा कारागीर होता त्याच्यावरून, दुसरी म्हणजे रोमानी (जिप्सी लोकांच्या) भाषेतल्या 'लहान' अशा अर्थाच्या शब्दावरून. पहिली कथा ऐकायला छान आहे पण तो माणूस गेल्यावर कितीतरी वर्षांनी हा शब्द लिखाणात दिसायला लागतो, त्यामुळे मला तरी ती नंतर जुळवलेली वाटते. पक्का पुरावा कशालाच नाही.

हा शब्द खरा गाजला तो लंडनच्या गोदी कामगारांमुळे. १८८९ च्या ऑगस्टमध्ये वेस्ट इंडिया डॉक्समध्ये लेडी आर्मस्ट्राँग नावाचं जहाज रिकामं करताना बोनसवरून वाद झाला आणि बघता बघता सगळी गोदी बंद पडली. या लोकांना कायम नोकरी नव्हतीच, रोज सकाळी गेटवर गर्दी करून उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर काम नाहीतर घरी, आणि काम मिळालं तरी कधीकधी तास-दोन तासांचंच. मजुरी तासाला ५ पेन्स होती, मागणी ६ पेन्सची, म्हणून तिचं नावच पडलं 'डॉकर्स टॅनर'. शिवाय ओव्हरटाइमला ८ पेन्स आणि एकदा कामावर घेतलं की निदान चार तास काम. बेन टिलेट, टॉम मान, जॉन बर्न्स हे पुढारी होते, रोज हजारो लोकांचे मोर्चे लंडनच्या श्रीमंत भागातून जायचे आणि आम्ही काय खातो ते बघा म्हणून काठ्यांना सडके मासे, कांदे लावून मिरवायचे. पैसे संपत आले तेव्हा पार ऑस्ट्रेलियातून सुमारे ३०,००० पाउंड मदत आली, ती आली नसती तर संप टिकणं अवघड होतं. शेवटी कार्डिनल मॅनिंग (कॅथलिक चर्चचे बडे धर्मगुरू) मध्ये पडले, मालक नमले, १६ सप्टेंबरला लोक कामावर परतले. एका पेनीसाठी महिनाभर बंद, पण अकुशल कामगारांच्या युनियन तिथे जोमाने उभ्या राहिल्या त्या यानंतरच.

घरात मात्र टॅनरचं काम वेगळंच, ख्रिसमसच्या पुडिंगमध्ये तो टाकायचा आणि ज्याच्या ताटात येईल तो नशीबवान (दात सांभाळून). लग्नात नवरीच्या बुटातही ठेवायचे. १९२० पर्यंत ९२.५ टक्के चांदी, मग निम्मी, आणि १९४७ पासून चांदी बंदच, तांबं-निकेल.

१५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनमध्ये दशमान पद्धत आली, म्हणजे १०० नव्या पेन्सचा एक पाउंड (आपल्याकडे ही पद्धत १९५७ लाच आली होती). लोकांचा जीव होता म्हणून टॅनर लगेच काढला नाही, अडीच नव्या पेन्सला चालू ठेवला, शेवटी ३० जून १९८० नंतर चलनातून बाद. क्वीन बँडचा ब्रायन मे मात्र अजूनही गिटार वाजवायला प्लास्टिकच्या पिकऐवजी सिक्सपेन्सच वापरतो.