धर्माध्ययन ग्रंथपालन

धर्मग्रंथ, पंथ, उपासनापरंपरा आणि त्यांवरील संशोधन यांचा संग्रह उभारून अभ्यासकांना संदर्भसेवा देणारी ग्रंथालयशास्त्राची विशेष शाखा. विद्यापीठे, प्राच्यविद्या संस्था आणि ख्रिस्ती धर्मशिक्षणाची विद्यालये येथे असे ग्रंथपाल काम करतात. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला संस्कृत, पाली, अरबी किंवा हिब्रू अशा एखाद्या ग्रंथभाषेची जोड मिळाली, तर कामाला खोली येते. अमेरिकेत धर्मविषयक ग्रंथालयांची संघटना १९४६ मध्ये स्थापन झाली.

या कामातला खरा कस वर्गीकरणात लागतो. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या, प्रत्येक विषयाला अंक देणाऱ्या दशांश पद्धतीत धर्माला २०० हा वर्ग आहे. पण २२० ते २८० हे विभाग ख्रिस्ती धर्माने व्यापले आणि उरलेले सगळे धर्म २९० मध्ये कोंबले गेले. बौद्ध धर्म २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, इस्लाम २९७. ही वाटणी अन्याय्य आहे, आणि आपली बहुतेक ग्रंथालये अजून तिच्यावरच चालतात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात (१९३३) वैदिक धर्माला पहिले आणि ख्रिस्ती धर्माला सहावे स्थान देऊन वेगळा क्रम लावला.

मराठी ग्रंथांपाशी पेच आणखी वाढतो. ज्ञानेश्वरी हिंदू धर्मात ठेवायची, की ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्यात? फादर थॉमस स्टीफन्स यांचे, १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापलेले ओवीबद्ध ख्रिस्तपुराण कुठे? फळीवर जागा एकच मिळते. म्हणून तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या ग्रंथसूचीत, दोन्ही विषयांखाली नोंद केलीच पाहिजे. ती राहिली, तर एका बाजूच्या अभ्यासकाला तो ग्रंथ सापडणारच नाही.

संदर्भसेवेत वाचकाचा हेतू ओळखावा लागतो. पारायण करणाऱ्याला सार्थ ज्ञानेश्वरी हवी असते, तर जुन्या मराठीच्या अभ्यासकाला वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये संपादित केलेली प्रत. दोघांच्याही मागणीला सारखाच मान द्यायचा. ग्रंथपालाची स्वतःची श्रद्धा किंवा अश्रद्धा त्यात येऊ नये.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेसारख्या (स्थापना १९१७) संग्रहांत हस्तलिखितांचे कामही असते. पोथीची पाने सुटी असतात, त्यामुळे बासन (पोथी बांधायचे कापड) सोडताच पत्रांक, म्हणजे पानांचे क्रमांक, ताडून पाहावे लागतात. लेखनिकाचे नाव, शक आणि गाव पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या समाप्तीच्या मजकुरात, मिळाले, तर सूचीतली नोंद भक्कम होते. महानुभाव पंथाच्या सकळ लिपीतल्या पोथ्यांसाठी मात्र आधी ती सांकेतिक लिपीच शिकून घ्यावी लागते.