लस गोठवली की जास्त टिकते? नाही!

‘लस जितकी थंड तितकी चांगली’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तोंडावाटे द्यायची पोलिओ लस उणे 20 अंशांत ठेवतात, ते खरं. पण हेपटायटिस बी, धनुर्वात, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) यांना 2 ते 8 अंश सेल्सिअसच हवं. त्यांतले ॲल्युमिनियमचे कण गोठताना एकमेकांना चिकटतात. वितळल्यावर लस पूर्ववत होत नाही. कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन फक्त उष्णता दाखवतो, गोठणं नाही.

घात बहुधा फ्रीझरमधून थेट लस नेण्याच्या पेटीत ठेवलेले आइसपॅक करतात. हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत ते बाहेर ठेवायचे.

शंका आली, तर त्याच बॅचची दुसरी कुपी मुद्दाम गोठवून वितळवा, दोन्ही हलवून शेजारी ठेवा. संशयित कुपीतला गाळ मुद्दाम गोठवलेल्या कुपीइतक्याच किंवा जास्त वेगानं बसला, तर ती बाद.