अंजनेरी

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील गाव व त्याच नावाचा डोंगरी किल्ला. नाशिकपासून सु. २० किमी., नाशिक–त्र्यंबक रस्त्याला लागून. किल्ल्याची उंची सु. १,३०० मी. परिसरात मुळेगाव, पेगलवाडी, पहिने ही गावे व पाडे असून भात, नागली, वरई ही मुख्य पिके.

गावाचे नाव हनुमानाची माता अंजनी हिच्याशी जोडतात. डोंगरावर तिचे मंदिर आहे. हनुमानाच्या जन्मस्थानाचा मान आनेगुंदीजवळची अंजनाद्री आणि तिरुमला हेही सांगतात.

पायथ्याशी जैन व हिंदू मंदिरांचे भग्नावशेष आहेत. त्यांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतात, पण कालनिर्णयासाठी हा शब्द निरुपयोगी आहे. ज्याच्या नावावरून तो आला तो हेमाद्री (हेमाडपंत) हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला यादवांचा मंत्री, तर येथील सेउणदेव यादवाचा शिलालेख शके १०६३ चा, म्हणजे त्याच्या शतकभर आधीचा. शकवर्ष चालू (तेव्हा सुरू असलेले) मानल्यास इ. स. ११४०-४१ आणि गत (तेव्हा पूर्ण झालेले) मानल्यास ११४१-४२ येते. दुसरा पर्याय अधिक ग्राह्य वाटतो. चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिराला दुकाने दान दिल्याची नोंद त्यात आहे. गावात तेव्हा दुकाने होती व त्यांच्या उत्पन्नावर मंदिराची पूजा चालत होती, हे या एका दगडामुळे कळते. आज तेथे उलथलेले खांब आणि गवतात बुडालेले उंबरे दिसतात. कोरीव चिरे जागचे हलू न देणे अगत्याचे आहे.

त्याहून जुने साधन म्हणजे हरिश्चंद्र वंशातील भोगशक्तीचे ताम्रपट (कलचुरी संवत् ४६१, इ. स. ७१० च्या सुमारास). पुराभिलेखतज्ज्ञ वा. वि. मिराशी यांनी त्यांचे संपादन केले. उजाड झालेले समगिरिपट्टण पुन्हा वसवून तेथील व्यापाऱ्यांना जकात माफ केल्याचे त्यांत नमूद आहे. ताम्रपट येथे सापडले म्हणून पट्टणही येथेच होते, असे मात्र ठरत नाही. दानपत्रे मालकाबरोबर गावे बदलतात.

डोंगराच्या कड्यात जैन लेणी आहेत. पावसाळ्यात पठारावर फुलणाऱ्या ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या कंदीलपुष्पाची जाती २००६ मध्ये नोंदली गेली व तिला डोंगराचेच नाव मिळाले. भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था व तिचे नाण्यांचे संग्रहालय गावाजवळच आहे.